तिचं श्वासन

ती आमच्या योगवर्गात आली ती सभागृह झाडायला.

सिडकोतल्या आमच्या कॉलनीचं सभागृह म्हणजे एक लांबट खोली, वर पत्रे, एका भिंतीला टेकवलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. बारसं, साखरपुडा, कॉलनीची बैठक, सगळं तिथंच व्हायचं. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यावर मी तिथं सकाळी सहा ते सात बायकांचा योगवर्ग घ्यायला लागले. आदल्या दिवशीच्या कार्यक्रमाच्या अक्षता, फुटके फुगे, सांडलेला भात सकाळी तसाच पडलेला असायचा. बायका कुरकुर करायला लागल्या, तेव्हा कॉलनीनं झाडायला एक बाई ठेवली. तीच ही.

वय पंचेचाळीसच्या आसपास असेल. काटक, उन्हानं रापलेली, कपाळावर ठसठशीत कुंकू. करमाडच्या पलीकडं एक वाडी आहे, तिथल्या धनगराच्या घरातली. पूर्वी मेंढरं होती, पुढं चार शेळ्या उरल्या, त्या दिराच्या दावणीला ठेवून नवराबायको शहरात आली. नवरा शेंद्र्याच्या एका कारखान्यात गेटवर पहारेकरी होता. मुकुंदवाडीत एका खोलीत दोघं राहत. ती पावणेसहाला यायची, झाडून घ्यायची, सतरंज्या अंथरायची, आणि वर्ग संपेपर्यंत दाराशी बसून राहायची. सतरंज्यांच्या परत घड्या करायच्या असायच्या ना.

तिच्याबद्दल सांगायचं तर आधी मला माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं. ते शाळेत संस्कृत शिकवायचे. मी लग्न केलं नाही, आई लवकर गेली, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. लहानपणी माझा एखादा उच्चार चुकला की ते पट्टीनं बोटांवर हलकं मारायचे. लागायचं नाही, पण लाज वाटायची. योगवर्ग सुरू केला तेव्हा ते नव्वदीला टेकले होते, खिडकीशेजारच्या पलंगावरून फारसे उठत नसत. रोज संध्याकाळी मी त्यांना एक शब्द विचारायची आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सांगायची. आसन हा शब्द बसणं या अर्थाच्या धातूपासून आला. प्राणायाम म्हणजे श्वास कोंडणं नव्हे. आयाम म्हणजे लांबी, ऐसपैसपणा. श्वास आत भरतो तो पूरक, धरून ठेवतो तो कुंभक, सोडतो तो रेचक. एका कागदावर असे चाळीस शब्द लिहून, झेरॉक्स काढून मी सगळ्यांना वाटले होते. पाठ करायला लावायची. बायका हसायच्या, पण पाठ करायच्या. शहरात गल्लोगल्ली योगवर्ग आहेत, आमच्या वर्गात शब्द शुद्ध असतात, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. त्याचा मला फार अभिमान होता.

दोनेक महिने ती दाराशी बसून बघत होती. एकदा मी मालासन शिकवत होते. उकिडवं बसायचं, टाचा जमिनीला टेकवायच्या, पाठ ताठ. पंचवीस बायकांमध्ये एकीच्याही टाचा टेकेनात. दाराशी ती अगदी तशीच बसलेली होती, सहज, हातात झाडू. मी म्हटलं, तिच्याकडं बघा. सगळ्या वळल्या. ती गोंधळून उठायला लागली.

"बस, बस," मी म्हटलं. "याला मालासन म्हणतात."

"ह्येला बी नाव हाये व्हय?" ती म्हणाली. "आमी तर असंच बसतो."

दुसऱ्या दिवसापासून मी तिला शेवटच्या रांगेत जागा दिली. चप्पल दाराबाहेर, पदर कमरेला खोचलेला. साडी नेसून ती सगळी आसनं करायची आणि बहुतेकींपेक्षा चांगली करायची. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून झेरॉक्सचा कागद तिच्या काही कामाचा नव्हता. ती कानानं शिकायची. सतरंज्यांच्या घड्या करताना तोंडानं चालू असायचं, ताडासन, भुजंगासन, धनुरासन. कुंभकाचा अर्थ मी सांगितला, की कुंभ म्हणजे घडा, भरलेल्या घड्यासारखा श्वास आत स्थिर ठेवायचा, तेव्हा ती लगेच म्हणाली, म्हंजे डोईवरचा हंडा, हिंदकळू द्यायचा नाय. वडिलांना मी हे संध्याकाळी सांगितलं. ते बराच वेळ स्वतःशी हसत होते. पुढं ते अधूनमधून विचारायचे, काय म्हणते आज तुझी शिष्या?

वर्गाच्या शेवटी दहा मिनिटं शवासन असायचं. त्याला ती श्वासन म्हणायची. तशा आमच्यातल्या आणखी चारपाच जणीही तसंच म्हणत. मी ओरडून दुरुस्त करायची, त्या दोन दिवस नीट म्हणायच्या, पुन्हा श्वासन. तिला मात्र मी कधी टोकलं नव्हतं. ती माझ्यापासून लांब, शेवटच्या रांगेत असायची, आणि खरं सांगायचं तर तिनं शुद्ध बोलावं अशी माझी अपेक्षाच नव्हती.

त्या दहा मिनिटांत मी बायकांच्या रांगांमधून हळूहळू फिरायची आणि सूचना द्यायची. पाय सैल सोडा. हात शरीरापासून थोडे दूर. बोटं मोकळी, तळवे आकाशाकडं. आता काहीही करायचं नाही, नुसता श्वास बघायचा. तिच्याजवळ गेलं की दिसायचं, डोळे मिटलेले आहेत आणि पाणी कानाकडं ओघळतंय. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी थबकले होते. मग वाटलं, होतं काही जणींना असं. शरीर सैल झालं की मन मोकळं होतं, असं मी सगळ्यांना सांगतच होते. सगळ्यात शेवटी ती उठायची. उठल्यावर चेहरा कसा धुतल्यासारखा दिसायचा.

तिची मुलगी गेली होती हे मला माहीत होतं. ते मी लपवणार नाही. वर्गात यायला लागल्यावर थोड्याच दिवसांनी तिनं मला सांगितलं होतं. मी त्या वेळी कुलपाची किल्ली शोधत होते. मुलंबाळं किती, असं काहीतरी मी सहज विचारलं, आणि ती म्हणाली, "एकच लेक व्हती. उन्हाळ्यात गेली. कूलरला चिकटून." आपल्याकडं उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागल्याच्या बातम्या दर आठवड्याला असतात. मी अरेरे म्हटलं. किती वर्षांची होती, विचारलं. बावीस, ती म्हणाली, लग्नाला वर्ष झालं व्हतं, माहेरपणाला आली व्हती. मी पुन्हा अरेरे म्हटलं. तेवढ्यात किल्ली सापडली, आणि कुणीतरी मला पुढच्या महिन्याच्या सभागृहाच्या तारखा विचारायला आलं. त्या संध्याकाळी घरी वडिलांना मी ते सांगितलंही होतं. नंतर ते माझ्या डोक्यातून गेलं.

जून महिन्यात योग दिन येतो. त्या वर्षी आमच्या भागातल्या सगळ्या वर्गांचा मिळून एका शाळेच्या मैदानावर कार्यक्रम ठरला. प्रत्येक वर्गाला पाच मिनिटं. माझ्या डोक्यात आलं की आपण आसनं तर दाखवूच, पण नावं एकीनं मोठ्यानं, शुद्ध म्हणावीत, आणि ती म्हणणारी ही असावी. मला वाटलं, मी तिला मान देतेय. आज विचार करते तेव्हा दिसतं की सभागृह झाडणारी बाई संस्कृत बोलते हे लोकांनी बघावं, आणि तिला ते कुणी शिकवलं हेही बघावं, एवढंच माझ्या मनात होतं.

तालमीच्या दिवशी मी तिला पुढं बोलावलं. ती लाजत आली. पदर नीट केला, हात जोडले, आणि न अडखळता म्हणायला लागली. बायका कौतुकानं ऐकत होत्या. पश्चिमोत्तानासन हा शब्द भल्याभल्यांना येत नाही, तोही तिनं तोडून तोडून नीट म्हटला. आणि शेवटी म्हणाली, "आन मंग श्वासन."

"शवासन," मी म्हटलं.

"श्वासन."

"श नंतर थांब. श. वा. स. न."

"तेच की बाई. श्वासन."

कुणीतरी फिसकन हसलं. माझा धीर सुटला. मैदानावर सगळ्यांसमोर हिनं असंच म्हटलं तर, असं मनात आलं. मी म्हटलं, श्वासाचा काही संबंध नाही त्यात. शब्द वेगळा आहे. शव.

"शव म्हंजे?"

मी प्रेत म्हणू शकले असते. तिला चटकन कळावं म्हणून मी तिच्या बोलीतला शब्द निवडला. "मढं," मी म्हटलं. "मढ्यासारखं पडून राहायचं, म्हणून शवासन."

ती माझ्याकडं बघत राहिली. जोडलेले हात तसेच होते. मग तिनं मान वळवून आपल्या जागेकडं, शेवटच्या रांगेतल्या सतरंजीकडं पाहिलं.

"मंग मी रोज मढ्यावानी पडत व्हते व्हय," ती म्हणाली. मला नाही, कुणालाच नाही, असं.

हसणारी बाई पुन्हा हसली. तिला काय माहीत. ही मात्र मागं गेली. तालीम पुढं चालू झाली, पण ती भिंतीशी उभीच राहिली. शवासनाच्या वेळी सगळ्या आडव्या झाल्या तेव्हा ती एकटी उभी होती, आणि सूचना देताना माझी नजर तिच्यावर गेली. तळवे आकाशाकडं, असं मी म्हणत होते. वाक्याच्या मध्येच मला कूलर आठवला. पुढचं मला बोलवेना. बायकांना वाटलं, शांतता पाळायची आहे.

वर्ग संपल्यावर तिनं सगळ्या सतरंज्यांच्या घड्या केल्या, रोजच्यासारख्या कपाटात रचल्या. मी जवळ गेले. मी म्हटलं, अगं, तो नुसता शब्द आहे. ती म्हणाली, व्हय बाई. कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. कार्यक्रमात नावं मीच म्हटली.

वडिलांना मी तालमीच्या दिवशीच सगळं सांगितलं होतं. शवासनाच्या उच्चारापासून सुरुवात केली, जणू व्याकरणाचीच गोष्ट आहे. ते डोळे मिटून ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "तिची मुलगी गेली, हे तू मला सांगितलं होतंस."

मी त्यांची चादर सारखी करायला लागले.

"तुझ्या लक्षात नव्हतं?"

"नव्हतं," मी म्हटलं. "उच्चार चुकत होता तिचा."

"चुकू द्यायचा होतास." थोड्या वेळानं ते भिंतीकडं वळले आणि म्हणाले, हे मीच शिकवलं तुला. त्या रात्री ते जेवले नाहीत.

आठवडाभरानं मी मुकुंदवाडीत तिची खोली शोधत गेले. स्टेशनाच्या मागच्या गल्लीत चौकशी करत करत सापडली. नवरा कामावरून येऊन झोपला होता, शेजारणीनं त्याला उठवलं. तो सभ्य माणूस. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, ती वाडीला गेलीय, तिकडंच राहते म्हणतीय काही दिवस. मी विचारलं, काही बोलली का? तो म्हणाला, काय नाय म्याडम, झोप लागत नाय तिला. पुन्हा सुरू झालं. मधी बरं झालं व्हतं.

रविवारी काळी-पिवळी जीपनं करमाडला उतरले, तिथून वाडीची रिक्षा केली. उन्हं तापलेली होती. लिंबाच्या झाडाखाली शेळ्या बांधलेल्या होत्या आणि ती त्यांना पाला घालत होती. मला बघून तिला आश्चर्य वाटलं, पण राग काही दिसला नाही. घर म्हणजे पत्र्याची एक खोली आणि पुढं ओसरी. ओसरीकडच्या भिंतीत खिडकीएवढं चौकोनी भोक होतं, त्यावर पत्रा खिळे मारून बसवलेला. कूलर कुठं होता ते मला विचारावं लागलं नाही. तिनं कोरा चहा केला. पिल्लं लहान हायेत, दूध त्यांनाच पुरंना, असं म्हणाली.

मी म्हटलं, माझं चुकलं. येताना वाटेत मी बरंच काही जुळवलं होतं, पण तेवढंच बोलता आलं.

"तुमी खोटं थोडंच सांगितलं," ती म्हणाली.

एक पिल्लू येऊन तिच्या मांडीला डोकं घासत होतं. त्याच्या पाठीवरून हात फिरवत तिनं ते सांगितलं. मी तिच्याच शब्दांत लिहिते, कारण मला ते दुसऱ्या शब्दांत लिहिता येत नाही.

"मी शेळ्या घेऊन गेले व्हते. ती कूलरमधी पाणी टाकायली व्हती. मी आले तवर सगळं झालं व्हतं. लोकांनी बटन बंद करून तिला हितं ओसरीवर निजवलं व्हतं. मूठ आवळलेली. म्या एकेक बोट उघडलं. तळवा वर केला, हात बाजूला ठिवला. तवापासून डोळं मिटलं की त्यो हात दिसायचा. वरीसभर मला पाठीवर पडता आलं नाय. मंग तुमच्याकडं आले. तुमी म्हणायचात, बोटं मोकळी सोडा, तळवं आभाळाकडं. पयल्या दिवशी मला वाटलं उठून पळावं. पर तुमी म्हणलात, ह्ये श्वासन. म्हंजे मला तसं ऐकू आलं. मी म्हणलं, आसं पडल्यावर बी श्वास चालतो तर. मंग मी रोज पडायची आन वाटायचं ती माझ्या शेजारी पडलीय. एक श्वास तिचा, एक माझा. एक तिचा, एक माझा. आसं दहा मिन्टं."

माझ्या हातातला चहा गार झाला होता.

मी म्हटलं, तू परत ये. आपण त्याला श्वासनच म्हणू, मीसुद्धा तसंच म्हणीन, सगळ्यांना तसंच सांगीन. तिनं मान हलवली.

"नगा बाई. एकदा कळलं ते कळलं. आता पडलं की मला ठाव हाये, मी काय करायले ते."

निघताना ती रस्त्यापर्यंत सोडायला आली. आबांचं कसं हाये, तिनं विचारलं. माझ्या वडिलांना तिनं कधी पाहिलं नव्हतं, पण ते तिची चौकशी करतात हे मी तिला सांगत असे. मी म्हटलं, बरे आहेत, तुझी आठवण काढतात. रिक्षा येईपर्यंत आम्ही दोघी उन्हात उभ्या होतो. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि त्याचं एक टोक माझ्या डोक्यावर धरलं.

वर्ग चालू राहिला. कॉलनीनं झाडायला दुसरी बाई ठेवली. शेवटच्या दहा मिनिटांचं नाव मला उच्चारता येईना. मी नुसतं म्हणायची, आता आडव्या व्हा. एकदोन जणी मुद्दाम मोठ्यानं म्हणायच्या, शवासन, आणि माझ्याकडं शाबासकीसाठी बघायच्या. झेरॉक्सचे कागद मी वाटणं बंद केलं. संध्याकाळी वडिलांना शब्द विचारणंही बंद झालं. ते वाट बघत असावेत. एकदा त्यांनीच विचारलं, आज काही नाही? मी म्हटलं, नाही. पुन्हा त्यांनी विचारलं नाही.

त्या थंडीत वडील गेले. छातीत कफ भरला होता, दवाखान्यातून डॉक्टरांनीच सांगितलं की आता घरी न्या. शेवटची सकाळ मी त्यांच्या उशाशी बसून होते. नऊ वाजले असतील, खिडकीतून पलंगावर ऊन आलं होतं. त्यांचा श्वास तुटक झाला होता. एक श्वास, मग लांब थांबा, मग दुसरा. मी काही न ठरवता मोजत होते. पूरक, रेचक. पूरक, रेचक. रेचकानंतर छाती रिकामी असताना जो थांबा असतो त्याला बाह्य कुंभक म्हणतात, हे मला त्यांनीच सांगितलं होतं. एक रेचक झाला, लांब, घशातून थोडा आवाज करत. मी पुढच्या पूरकाची वाट बघत राहिले. किती वेळ, ते सांगता येत नाही. शेजारची बाई दूध घेऊन आली आणि तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा मी मोजणं सोडलं.

मी रडले नाही. भाऊबंद आले, सगळं रीतीनं झालं, भेटायला माणसं येत होती. मी ताठ बसून सगळ्यांशी बोलत होते. योग करता म्हणून एवढा धीर आहे, असं एक बाई म्हणाल्या. धीरबीर काही नव्हता. छातीत काहीतरी अडकून बसलं होतं, एवढंच.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती आली. ती मुकुंदवाडीत परतली होती, कॉलनीच्या पहारेकऱ्याकडून तिला कळलं होतं. फडक्यात बांधलेला डबा आणला होता, भाकरी आणि पिठलं. तो तिनं स्वयंपाकघरात नेऊन ठेवला, वडिलांच्या फोटोसमोर डोकं टेकवलं, आणि माझ्याजवळ येऊन खाली बसली. आलेल्या बायका एकेक करून गेल्या. मग तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. तळहात खरखरीत होता, साडीतूनही जाणवला.

"तुमी नुसता आत घ्यायलात," ती हळू म्हणाली. "किती दिस धरून ठिवताल? सोडा. रेचक करा, बाई."

उच्चार अगदी शुद्ध होता. का कोण जाणे, माझ्या ते आधी लक्षात आलं, आणि मग मला रडू फुटलं. आवाज करून, लहान मुलासारखी मी रडले. ती पाठीवर हात ठेवून बसली होती. मी थांबल्यावर तिनं मला भाकरी खायला लावली, घर झाडून काढलं, वडिलांच्या पलंगावरची चादर काढून धुतली आणि चारच्या सुमाराला निघाली. मी तिला थांब म्हटलं नाही. परत वर्गाला ये, हेही म्हटलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तिच्या नवऱ्याची बिडकीनच्या बाजूला एका नव्या कारखान्यावर बदली झाली, असं मुकुंदवाडीतल्या शेजारणीनं सांगितलं. तीही तिकडंच गेली होती, रोपवाटिकेत कामाला लागली होती. मी पत्ता घेतला. पैठणच्या बसनं बिडकीनला उतरले आणि विचारत विचारत रोपवाटिकेपर्यंत गेले. हिरव्या जाळीखाली मिरचीच्या रोपांच्या ओळी होत्या आणि ती उकिडवी बसून तण उपटत होती. मला बघून हात पुसत उठली. मालकाला सांगून तिनं तासाभराची सुट्टी घेतली.

जाळीच्या मागंच तिची खोली होती. भिंतीवर मुलीचा फोटो लावला होता, प्लास्टिकच्या फुलांचा हार घातलेला. तो मी पहिल्यांदाच पाहत होते. लग्नातला असावा. मुंडावळ्या बांधलेली एक सावळी मुलगी, उन्हामुळं एक डोळा बारीक केलेला. इतक्या दिवसांत मी त्या मुलीबद्दल फक्त एकच गोष्ट विचारली होती. किती वर्षांची होती. ती गेली कशी हे मला न विचारताच कळलं होतं.

झोप लागते का, मी विचारलं. लागते, ती म्हणाली, कुशीवर. पाठीवर नाय पडत.

मग मी फोटोकडं बघून विचारलं, "कशी होती गं ती?"

ती जराशी चकित झाली. "आसं कुणी इचारत नाय," ती म्हणाली.

आणि सांगायला लागली. पोरगी लई बोलकी. शाळेत सायकलवर करमाडला जायची, दोनदा पडून गुडघे फोडून घेतले, पण सायकल सोडली नाही. बारावीला इंग्रजीत नापास झाली आणि दोन दिवस शेळ्यांच्या गोठ्यात जाऊन बसली होती. पालीला भ्यायची, सापाला नाही. कच्च्या चिंचा मीठ लावून खायची आणि दात आंबले की आईलाच बोलायची, तू का खाऊ दिल्या म्हणून. मला एकदोनदा हसू आलं, तीही हसली. बाहेरून कुणीतरी तिला हाक मारली, तास होऊन गेला होता. तिनं आतूनच ओरडून सांगितलं, येते थोड्या येळानं.

सासरी निघाली तेव्हा पोरगी रडली नव्हती. सगळे रडत होते, ही जीपमध्ये पुढं बसून सगळ्यांना समजावत होती. जीप चालू झाल्यावर तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि आईला ओरडून सांगितलं की काळ्या शेळीला आज पाला कमी घाल, तिचं पोट बिघडलंय.

"येवढंच म्हणली," ती म्हणाली. "जाताना आईला आसं सांगतं का कुणी?" आणि हसता हसता तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी सरकून तिच्याजवळ बसले. बाहेर रोपांना पाणी सोडलं होतं. माझी परतीची बस केव्हाच गेली होती.